थांबायची ऐपत: थेट रोख मदतीने शेतकरी कुटुंबात नेमकं काय बदलतं

शेतकऱ्याला थेट पैसे द्यावेत का, हा वाद निघाला की बोलणं लगेच रकमेवर येतं. एवढ्याने काय होणार, असं एक बाजू म्हणते. फुकटचं मिळालं की माणूस बिघडतो, असं दुसरी म्हणते. दोघांच्याही मनात पैशाचा अर्थ एकच असतो: वस्तू विकत घ्यायचं साधन. वाद फक्त त्यातून कोणत्या वस्तू येतील यावर असतो. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मेक्सिकोपासून केनियापर्यंत रोख मदतीचे जे मोजूनमापून प्रयोग झाले, ते वाचताना मला एक वेगळीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शेतकरी घराला या पैशातून सगळ्यात आधी जे मिळतं ते कुठल्या दुकानात मिळत नाही. त्या घराला थांबता येतं. माल लगेच विकायची घाई राहत नाही, स्वतःचं रान सोडून दुसऱ्याच्या रानात जावं लागत नाही, दिवस भरत आलेल्या बाईला चार दिवस घरी बसता येतं.

हे कसं घडतं ते समजायला आधी शेतकरी घराचं पैशाचं वर्ष बघावं लागतं.

पैसा दोनदा, पोट रोज

पगारदार घरात पैसे महिन्याला येतात आणि खर्चही साधारण महिन्याच्या मापानेच होतो. पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या घरात पैसा वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतो. त्यातून शेतीचा मोठा खर्च, म्हणजे बियाणं, खत, मशागत, मजुरी, नेमका तेव्हा उभा राहतो जेव्हा मागच्या सुगीचे पैसे संपत आलेले असतात. पीक शेतात उभं असतं, पण ते अजून खाता येत नाही आणि विकताही येत नाही. या मधल्या महिन्यांत घर कसंबसं ओढायचं तर वाटा तीनच: उसने घ्या, घरातलं काही विका किंवा दुसऱ्याच्या शेतात रोजाने जा. आजचा दिवस तिन्हींनी निभावतो. त्याची किंमत पुढच्या सुगीत वसूल होते.

तिसरी वाट नीट बघू, कारण ती वरवर सगळ्यात निरुपद्रवी वाटते. पूर्व झांबियात मका हे मुख्य पीक. पावसाळ्याच्या सुरुवातीला, नोव्हेंबर-डिसेंबरात पेरणी होते आणि काढणी एप्रिलनंतर. जानेवारी ते मार्च हे तिथले भुकेचे महिने. घरातला मका संपलेला असतो आणि शेतातल्या मक्यात तण माजलेलं असतं. आता खुरपणी करायची कोणाच्या रानात? स्वतःच्या रानात खुरपलं तर फळ मिळणार तीन-चार महिन्यांनी. शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याच्या रानात खुरपलं तर संध्याकाळी हातात पैसे किंवा पायलीभर मका. भुकेलं घर दुसरं निवडतं. तिथे या रोजंदारीला 'गान्यू' म्हणतात. आपल्या रानाची वेळ निघून जाते, तण मक्याचा जोर खातं, सुगीला पीक कमी भरतं, कणगी पुढच्या वर्षी आणखी लवकर रिकामी होते आणि माणूस पुन्हा गान्यूला उभा राहतो. यात आळस कुठेच नाही. उलट हे लोक दिवसभर राबतात. फक्त चुकीच्या बांधावर.

गुंथर फिंक, केल्सी जॅक आणि फेलिक्स मसिये या संशोधकांनी याच भागात भुकेच्या महिन्यांत काही गावांतल्या घरांना रोख किंवा मक्याच्या रूपात छोटं कर्ज दिलं, परतफेड सुगीनंतर. कर्ज मिळालेल्या घरांनी दुसऱ्याच्या शेतात कमी काम केलं, स्वतःच्या शेतात जास्त केलं आणि त्यांचं उत्पादन वाढलं. पुढची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. त्या गावांत रोजंदारीचा दर वाढला. पोटासाठी कुठल्याही भावाने कामाला येणारे हात कमी झाले, तेव्हा ज्यांना मजूर हवे होते त्यांना जास्त मोजावे लागले. म्हणजे ज्याला एक पैसाही मिळाला नाही, त्या मजुराचीही रोजी सुधारली.

हे कर्ज होतं, मदत नव्हे, असं कोणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. पण झांबियाच्याच सरकारने २०१० मध्ये लहान मुलं असलेल्या घरांना नियमितपणे ठरावीक रोख द्यायला सुरुवात केली, आणि त्या योजनेच्या मूल्यमापनातही तोच कल दिसला. घरांनी दुसऱ्याच्या शेतातली मजुरी कमी केली, स्वतःची जास्त जमीन लागवडीखाली आणली आणि जनावरं घेतली. खरं तर पैसे मुलांच्या नावाने दिले होते. ते शेतीत आपोआप पोहोचले, कारण या घरांत स्वयंपाकघराची थैली आणि शेतीची थैली वेगळी नसतेच.

पडत्या भावात विकायचं, चढत्या भावात घ्यायचं

आता विक्रीकडे येऊ. सुगीला सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात येतो, भाव पडतो. पुढे भाव चढणार हे शेतकऱ्याला माहीत नसतं असं नाही. व्यापाऱ्याइतकंच त्यालाही माहीत असतं. पूर्व आफ्रिकेतल्या मोठ्या बाजारांत सुगी आणि टंचाईचे महिने यांच्यात धान्याचा भाव २५ ते ४० टक्क्यांनी वाढणं ही नेहमीची गोष्ट आहे. तरीही पश्चिम केनियातला लहान शेतकरी सुगीलाच मका विकतो, कारण शाळेची फी भरायची असते आणि देणी दारात उभी असतात. मग काही महिन्यांनी तोच शेतकरी बाजारातून मका विकत आणतो, चढ्या भावाने. स्वतःच पिकवलेलं धान्य त्याने स्वस्तात विकून महागात परत घेतलेलं असतं.

मार्शल बर्क, लॉरेन बर्गक्विस्ट आणि एडवर्ड मिगेल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या शेतकऱ्यांना सुगीच्या वेळी कर्ज दिलं गेलं. शेतकऱ्यांनी मका ठेवून दिला, भाव चढल्यावर विकला आणि कर्ज फेडून हातात नफा राहिला. जिथे एकाच भागातल्या बऱ्याच शेतकऱ्यांना हे कर्ज मिळालं, तिथे सुगी आणि टंचाईतली भावाची दरीच थोडी बुजली, कारण माल एकदम न येता टप्प्याटप्प्याने यायला लागला.

मदतीचा पैसा सुगीच्या आसपास आला तर तो हेच काम बिनव्याजी करतो. माल घरात ठेवायला जागा लागते, किडीपासून राखायला हवाबंद पोती लागतात, हे खरं. पण त्याआधी लागते ती महिना-दोन महिने वाट बघायची ऐपत. बाजारात अडलेला विक्रेता आणि न अडलेला विक्रेता यांना मिळणारा भाव वेगळा असतो, हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

दुसरी वाट, घरातलं विकण्याची, तीही याच जातीची. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कृषिसंशोधन संस्थेने १९७५ पासून भारतातल्या काही कोरडवाहू गावांत घरोघरी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. त्यात आपली सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला भागातलं कानझरा ही गावंही होती. मार्क रोझेन्झवाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी १९९३ मध्ये त्या नोंदींवरून दाखवलं की वाईट वर्षी शेतकरी बैल विकतो. बैल हे त्या काळी शेतीचं मुख्य यंत्र. यंत्र विकून घर चालवलं की पुढच्या हंगामात मशागतीला बैल भाड्याने आणायचे आणि तेही सगळ्यांना एकाच वेळी हवे असतात. म्हणजे पावसाने एक वर्ष मारलं, आणि ते वर्ष निभावण्याच्या धडपडीत पुढची दोन-तीन वर्षंही गेली. दुष्काळात वेळेवर हातात पडलेली रक्कम म्हणूनच साध्या काळातल्या रकमेपेक्षा किती तरी जास्त मोलाची असते. तिच्यामुळे दावणीची जनावरं दावणीलाच राहतात.

गरजवंताला अक्कल नसते?

आपल्याकडे म्हणतात, गरजवंताला अक्कल नसते. तमिळनाडूतल्या ऊसउत्पादक शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. ऊस हे असं पीक की पैसा वर्षातून एकदा एकरकमी येतो. त्यामुळे तोच माणूस तोडणीआधी कडका असतो आणि तोडणीनंतर बऱ्यापैकी सुस्थितीत. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी ४६४ शेतकऱ्यांकडून तोडणीआधी आणि तोडणीनंतर आकृत्या जुळवण्यासारख्या चाचण्या करून घेतल्या. त्याच माणसांनी तोडणीआधी कमी गुण मिळवले, जास्त चुका केल्या. म्हणजे अक्कल कमी नसते. ती दुसरीकडे गुंतलेली असते. कोणाचे किती द्यायचे, कोणाला अजून आठ दिवस थोपवायचं, खत उधारीवर मिळेल का, या हिशेबांनी डोक्याचा मोठा भाग अडवलेला असतो. आणि शेतीतले मोठे निर्णय, कोणतं वाण घ्यायचं, किती क्षेत्रावर काय पेरायचं, हे नेमके त्याच कडक्या महिन्यांत घ्यावे लागतात.

एकरकमी की महिन्याला?

रोख मदतीचा सगळ्यात बारकाईने अभ्यासलेला प्रदेश म्हणजे पश्चिम केनिया. मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा ही सेवा तिथे २००७ मध्ये सुरू झाली आणि खेड्यातल्या माणसापर्यंत मध्ये कोणी न येता पैसे पोहोचवणं शक्य झालं. गिव्हडायरेक्टली ही संस्था तिथे गरीब घरांना कोणतीही अट न घालता पैसे देते. घर गरीब आहे हे ओळखायची तिची सुरुवातीची खूण अगदी साधी होती: गवताचं छप्पर.

लोकांनी त्या पैशातून काय केलं? ज्यांना एकरकमी मोठी रक्कम मिळाली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते गवत काढून पत्रे टाकले. शहरात बसून हे वाचणाऱ्याला वाटतं, हा तर दिखाऊ खर्च झाला, यात उत्पादक काय? पण गवताचं छप्पर दर वर्षा-दोन वर्षांनी शाकारावं लागतं. गवत कापून आणायला किंवा विकत घ्यायला पैसे लागतात, शाकारणाऱ्याला मजुरी लागते, आणि एवढं करून पावसात ते गळतंच. गळक्या घरात धान्य भिजतं, बुरशी धरतं. पत्रा एकदा टाकला की हा खर्च कित्येक वर्षं बंद. ज्या घराने हा हिशेब केला, त्याला शेतीत पैसे गुंतवायला शिकवायची गरज नसते. घरातल्या कोणत्या भोकातून पैसा वाहतो हे ते घर ओळखून असतं.

योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो यांच्या २०१६ च्या अभ्यासात काही घरांना रक्कम एकदम दिली आणि काहींना दरमहा हप्त्याने. हप्त्यांनी जेवणाची स्थिती जास्त सुधारली. एकरकमी पैशातून पत्रे, टिकाऊ वस्तू यांची खरेदी जास्त झाली. यात आश्चर्य काही नाही. महिन्याला आलेले थोडे पैसे महिन्याच्या पोटात जातात. गाय अर्धी विकत घेता येत नाही.

पण पुढचा भाग मजेशीर आहे. केनियातच एक फार लांब पल्ल्याचा प्रयोग चालू आहे. काही गावांतल्या सगळ्या प्रौढांना महिन्याला सुमारे २२.५ डॉलर १२ वर्षं मिळणार, काही गावांत तेवढेच पैसे फक्त २ वर्षं, आणि काही गावांत दोन वर्षांची रक्कम एकदम. २०२३ मध्ये आलेल्या पहिल्या निष्कर्षांत एकरकमी पैसे मिळालेल्यांनी छोटे धंदे जास्त काढलेले दिसले, तर फक्त २ वर्षं हप्ते मिळणारे मागे होते. आणि १२ वर्षांची हमी असलेले? त्यांनी भिश्या लावल्या. दर महिन्याचा हप्ता भिशीत टाकायचा, आपला नंबर लागला की एकगठ्ठा रक्कम उचलायची. हमी इतकी पक्की असल्यामुळे हप्ते चुकायची भीती नव्हती. योजना आखणाऱ्यांनी हप्ता दिला, लोकांनी त्यातून एकरकमी स्वतः तयार केली. मला या सगळ्या संशोधनात इतका बोलका तपशील दुसरा सापडलेला नाही.

वेळेबद्दलही केनियातलाच एक पुरावा आहे. एस्थर डफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी २०११ मध्ये दाखवलं की सुगी झाल्या झाल्या, हातात पैसे असताना, शेतकऱ्याला खत आगाऊ घ्यायची छोटीशी सवलत दिली तर खताचा वापर लक्षणीय वाढतो. तेवढाच परिणाम पेरणीच्या वेळी साधायचा तर किमतीत ५० टक्के सूट द्यावी लागली. शेतकऱ्याला खत नको असतं असं नाही. सुगीचा पैसा पेरणीपर्यंत टिकत नाही, एवढंच.

शेजाऱ्याचं काय?

मदत मिळालेल्या घराचं भलं झालं, पण गावात महागाई वाढली आणि न मिळालेल्या घरांचं नुकसान झालं, तर? ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर शोधायला डेनिस एगर आणि सहकाऱ्यांनी केनियाच्या सियाया भागातल्या ६५३ गावांत अभ्यास केला. १०,५०० हून अधिक गरीब घरांना प्रत्येकी सुमारे १००० डॉलर मिळाले. त्या भागाच्या अर्थव्यवस्थेच्या मानाने हा पैशाचा लोंढा फार मोठा होता, स्थानिक उत्पन्नाच्या १५ टक्क्यांहून जास्त. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: न मिळालेल्या घरांचा खर्चही वाढला, गावातल्या धंद्यांचं उत्पन्न वाढलं, आणि महागाई जवळजवळ नगण्य राहिली. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक उलाढाल सुमारे अडीच डॉलरनी वाढली.

हे कसं शक्य आहे? एका पिठाच्या गिरणीचा विचार करा. गिरणी आहे, चालवणारा माणूस आहे, पण दिवसातला बराच वेळ तो गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला असतो. दहा गिऱ्हाइकं वाढली म्हणून त्याला नवी गिरणी घ्यावी लागत नाही की दळणाचा दर वाढवावा लागत नाही. तो फक्त रिकामा बसायचा कमी होतो. गरीब खेड्यात दुकानं, सुतार, शिंपी, वाहतूकवाले सगळेच असे अर्धे रिकामे असतात. पैसा आला की ही रिकामी क्षमता कामाला लागते आणि मग तोच पैसा मजुरीच्या, विक्रीच्या रूपात शेजारच्या घरात जातो.

पण हे सगळीकडे असंच होईल असं समजू नये. फिलिपिन्समध्ये अटींसह दिलेल्या रोख मदतीच्या अभ्यासात दूरच्या, बाजाराशी नीट न जोडलेल्या गावांत अंड्यांसारख्या नाशवंत पौष्टिक पदार्थांचे भाव चढले आणि मदत न मिळालेल्या घरांतल्या लहान मुलांच्या वाढीवर त्याचा वाईट परिणाम दिसला. जिथे रस्ता नाही, बाहेरून माल येत नाही, तिथे पैसा ओतला की भाव वाढणारच. अशा जागी एक तर सगळ्यांना द्यावं, नाही तर आधी रस्ता करावा.

दोन जुन्या शंका

दारू आणि आळस. दारूचं उत्तर लवकर देता येतं. डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा यांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही, काही ठिकाणी तो घटलाच. पिणारा पितो, पण तो मदतीच्या आधीही पीतच होता.

आळसाचं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सरकारी योजनांचे सात प्रयोग तपासले तेव्हा लोकांनी काम कमी केल्याचा पुरावा मिळाला नाही. तरी गावात 'योजना आल्यापासून मजूर मिळत नाहीत' ही तक्रार ऐकू येतेच, आणि ती पूर्ण खोटीही नसते. झांबियात पाहिलं ना, लोक दुसऱ्याच्या शेतात कमी जातात कारण स्वतःच्या शेतात जास्त जातात. मध्य प्रदेशात 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११ पासून आठ गावांत सगळ्या प्रौढांना दरमहा २०० रुपये आणि मुलांमागे १०० रुपये (वर्षभराने ३०० आणि १५०) दिले होते. तिथेही लोक मजुरीकडून स्वतःच्या शेतीकडे वळलेले दिसले. बांधाच्या एका बाजूने बघितलं तर तो आळस, दुसऱ्या बाजूने बघितलं तर ती शेती. तक्रार कोण करतंय, ते आधी बघावं.

आणि काही वेळा काम कमी होणं हाच मदतीचा सगळ्यात मोठा फायदा असतो. सियायामधल्या त्याच घरांचा पुढे बाळंतपणाच्या अंगाने अभ्यास झाला. २०२५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मदत मिळालेल्या घरांत एक वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बायकांचं बाळंतपणाच्या आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन महिन्यांतलं कष्टाचं काम निम्म्याच्या आसपास घटलं होतं, आणि जिथे डॉक्टर असलेलं आरोग्यकेंद्र जवळ होतं तिथे परिणाम जास्त होता. म्हणजे पैशाने विश्रांती घेता आली आणि दवाखान्यापर्यंत जाता आलं. पण दवाखाना आधीपासून तिथे असावा लागला. पैसे देऊन डॉक्टर गावात उगवत नाही.

शेतीतही अशीच एक मर्यादा आहे. घानामध्ये डीन कार्लन आणि सहकाऱ्यांनी काही शेतकऱ्यांना रोख अनुदान दिलं आणि काहींना पावसाचा विमा. गुंतवणूक जास्त वाढली ती विमा मिळालेल्यांची. पैसे नाहीत म्हणून कमी खत घालणारा शेतकरी वेगळा, आणि पाऊस दगा देईल म्हणून कमी घालणारा वेगळा. दुसऱ्याच्या हातात रोख दिली तरी तो ती जपूनच ठेवील आणि ते शहाणपणाचंच आहे.

आपल्याकडचा हप्ता

भारतात केंद्राची पीएम-किसान योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती, काही महिन्यांतच ती मर्यादा काढली; प्राप्तिकर भरणारे वगैरे काही गट वगळलेले आहेत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी ६,००० जोडले. केंद्राचे सहा हजार म्हणजे पूर्ण कुटुंबाला दिवसाला साडेसोळा रुपयांच्या आत. केनियातल्या हजार डॉलरशी या रकमेची तुलना करून 'बघा, आपल्याकडे काही बदललं नाही' म्हणणं म्हणजे घोटभर पाणी पाजून पीक का आलं नाही विचारणं आहे.

पण छोट्या रकमेलाही वेळ साधली तर काम असतं. उत्तर प्रदेशातल्या एका पाहणीत असं दिसलं की हप्ता हंगामात आला तर बराचसा शेतीवर खर्च होतो आणि हंगामाबाहेर आला तर घरखर्चात जातो. आता हप्त्यांचे काळ बघा: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. चार महिन्यांच्या या खिडकीत पैसे केव्हाही पडू शकतात. मेअखेर पडलेले दोन हजार बियाण्याच्या पिशवीला लागतात. जुलैच्या शेवटी पडले तर पेरणी तोवर उसनवारीवर होऊन गेलेली असते. सरकारचा खर्च दोन्ही वेळी तेवढाच.

शिवाय पैसे खात्यात पडण्याआधी बरंच काही जुळावं लागतं. जमिनीच्या नोंदी योजनेशी जोडलेल्या हव्यात, ई-केवायसी हवं, आणि खातं आधारशी नुसतं जोडलेलं नाही तर आधारवरून येणाऱ्या पैशांसाठी चालू हवं. इथे बरेच जण गोंधळतात. माणसाची तीन बँकांत खाती असतील तर पैसे ज्या खात्याची आधारशी जोडणी शेवटी झाली त्यात जातात. एखाद्याने मध्येच दुसरं खातं उघडलं, तिथे आधार दिलं, आणि तो जुन्या खात्याचं पासबुक भरून घेत 'हप्ता आला नाही' म्हणत राहतो. हप्ता आलेला असतो, दुसऱ्या बँकेत. हे आपल्या बँकेत किंवा आधारच्या संकेतस्थळावर बघता येतं. हप्ता अडल्यावर तालुक्याला खेटे घालण्याआधी ते आधी बघावं.

मोठा प्रश्न मात्र कागदाच्या पलीकडचा आहे. या योजना शेती कोण करतं हे बघत नाहीत, जमीन कोणाच्या नावावर आहे ते बघतात. सातबारावर नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव असतं, आणि पेरणीपासून मळणीपर्यंत राबणाऱ्या बाईचं खातं कोरडं राहतं. पैसे बाईच्या हातात दिले तर जास्त फायदा होतो का, यावर पुरावा एकसारखा नाही. दक्षिण आफ्रिकेत आजीला पेन्शन मिळालं त्या घरांत नातींची वाढ सुधारली, आजोबांना मिळालं तिथे तसं दिसलं नाही. केनियातल्या हाउसहोफर-शापिरो अभ्यासात मात्र पैसे नवऱ्याला दिले की बायकोला, याने मोठा आर्थिक फरक पडला नाही. पण मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी बायकांच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि खातं वापरायचं कसं ते शिकवलं, तेव्हा अधिक बायका कामाला बाहेर पडल्या. माझ्या मते हा मुद्दा फायद्यातोट्याच्या हिशेबावर सोडायचा नाहीच. शेती जिने केली, हप्ता तिला मिळायला हवा.

दुसरे सुटलेले म्हणजे बटईने किंवा खंडाने शेती करणारे आणि शेतमजूर. तेलंगणाची रयतु बंधू योजना २०१८ च्या खरिपात एकरी ४,००० रुपयांनी सुरू झाली, पुढे हंगामाला एकरी ५,००० झाले. किती एकरांपर्यंत द्यायचे याला कमाल मर्यादा नव्हती. त्यामुळे ज्याची जमीन जास्त त्याला मदत जास्त, आणि जो खंड देऊन ती जमीन प्रत्यक्ष कसतो त्याला काहीच नाही. पैसे मालकाच्या खात्यात. मालकाने ते कुळाशी वाटून घ्यावेत असं मानणारा माणूस कधी खंडाच्या बोलणीला बसलेला नसावा. ओडिशाने कालिया योजनेत वेगळा रस्ता धरला: बटईदारांना आत घेतलं आणि भूमिहीन कुटुंबांना शेळ्या, कोंबड्या, अळिंबी असल्या जोडधंद्यांसाठी १२,५०० रुपये ठेवले. नंतर तेलंगणानेही आपल्या योजनेचं नाव आणि रक्कम बदलताना, जानेवारी २०२५ मध्ये, भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसाठी वर्षाला १२,००० रुपयांची वेगळी मदत सुरू केली. अशा योजनेत लाभार्थी ओळखायचा कसा, ही खरी डोकेदुखी असते, कारण बटई तोंडी असते आणि तोंडी व्यवहाराचा उतारा मिळत नाही. मालकही कागद करून देत नाही. कूळ लागेल ही भीती त्याला आजोबांच्या काळापासून आहे. ती भीती कमी करणारा कायदा आणि हप्त्याची यादी या दोन गोष्टी सरकारदरबारी दोन वेगळ्या खात्यांकडे आहेत.